गुडघा माझा, माफी तुमची

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. असं लिहिणं बरं दिसत नाही, ठाऊक आहे मला. पण गोड खोटं बोलणाऱ्या पोरीला तुम्हीच मैदानाला जादा फेरी मारायला लावायचात. तेव्हा आता खरं ऐकून घ्या.

वारूळवाडीच्या तुमच्या अंगणात त्या सकाळी जो येई तो म्हणे, 'सुटले सर.' कंपवाताने तुमची काय दशा केली होती ते सगळ्यांनी पाहिलं होतं. जुन्नर तालुक्यातला एकही डोंगर ज्या माणसाने चढायचा ठेवला नाही, त्याला ओट्यावरून मोरीपर्यंत जायला बायकोचा, रूथताईंचा, खांदा लागत होता. लोकांना हायसं वाटलं ते त्यासाठी. माझं कारण वेगळं होतं. तुमच्यात आणि माझ्या वडिलांच्यात, म्हणजे बाबूजींच्यात, एक गोष्ट कितीतरी वर्षं लोंबकळत पडली होती. ती तशीच ठेवून तुम्हा दोघांपैकी एक जण जाणार, या धास्तीत मी दर भाद्रपद काढत होते. तसं झालं नाही.

सुरुवात झाली ती तुमच्या भोळेपणातून. तुम्ही नगरकडून आमच्या शाळेत नवीन आला होता, भूगोल आणि पी.टी. शिकवायला. नारायणगावच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान. तुम्ही पँटचं कापड घेऊन गेलात आणि बाबूजींच्या गिऱ्हाइकांत जमा झालात. आम्हा जैनांची संवत्सरी झाली की जाणता-अजाणता घडलेल्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागायची रीत आहे, 'मिच्छामि दुक्कडम' म्हणून. बाबूजी तशी छापील कार्डं गावभर पाठवायचे. तुम्हालाही एक आलं. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ते हातात धरून, चेहरा पाडून दुकानात हजर.

"शेठजी, तुमच्या हातून माझं काय वाईट झालं? मला तर काहीच आठवत नाही."

मी तेव्हा सातवीत होते, गल्ल्यामागे बसून गृहपाठ करत होते. बाबूजींनी रीत समजावून सांगितली. तुमचं समाधान होईना.

"पण नेमकं कशाबद्दल? आम्हा ख्रिस्ती लोकांत नाव घेऊन कबूल करावं लागतं. मोघम माफीला काय अर्थ?"

दुसरा कोणी असता तर बाबूजींनी हसून वाटेला लावला असता. पण त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बरं मास्तर. त्या कापडाचा रंग जाणार नाही असं म्हणालो होतो मी. जाईल."

तुम्ही खो खो हसलात. मग खाली बसलात, आणि टोपी काढून म्हणालात, "मीही बाहेर जाऊन म्हटलं होतं, मारवाड्याने गंडवलं. मला क्षमा करा."

तेव्हापासून संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, बाबूजींचं उपासाचं पारणं झालं की तुम्ही यायचात. गादीवर मांडी ठोकून बसायचात आणि दोघं एकमेकांना नेमक्या चुका सांगायचात. आई पडद्याआडून ऐकून पदर तोंडात धरायची. एका वर्षी तुम्ही म्हणालात, "शेठजी, चर्चच्या उपासनेत मी तुमच्या नावाने प्रार्थना केली. तुम्हाला न विचारता." बाबूजी म्हणाले, "ही चूक माफ. पण केलेली प्रार्थना परत घेऊ नका." पेठेतल्या चार जणांना ही दोस्ती खुपायची. मास्तर पोरींना डोंगरावर नेतो, जेवणाआधी डोळे मिटून येशूचं नाव घ्यायला लावतो, शेठ, पोर बाटेल, असं कोणीतरी दुकानात येऊन सांगितलंच. खरं तर तुम्ही आम्हाला काहीच घ्यायला लावत नव्हता. स्वतः उभं राहून प्रार्थना करायचात, आणि ती इतकी लांबायची की पिठलं गार व्हायचं, आमचा वैताग तेवढाच. बाबूजींनी त्या गृहस्थाला विचारलं, "मास्तर माझ्या पोरीच्या वेळेला जेवतो. माझी पोर त्याच्या वेळेला जेवत नाही. मग बाटलं कोण?"

ते जेवणाचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आमच्या घरात दिवस मावळल्यावर अन्न घेत नाहीत. खो-खोच्या संघात माझी निवड झाली तेव्हा मला वाटलं होतं, शिबिरात मला एका कोपऱ्यात पाचलाच डबा उघडून बसावं लागणार, आणि बाकीच्या पोरी माझ्याकडे टकमका बघणार. पहिल्याच शिबिरात तुम्ही जाहीर केलंत की अख्खा संघ उजेडातच जेवणार. "एकटीला जेवायला बसवायचं नाही," एवढंच कारण दिलंत. पोरींनी बोंब मारली. त्या साडेपाचला जेवायच्या आणि रात्री भुकेने तळमळायच्या, मग तुम्ही शेंगदाणे आणि गूळ वाटायचात. मी पांघरुणात तोंड खुपसून त्यांच्या शिव्या ऐकायची आणि मला आतून फार बरं वाटायचं. सर, त्या वयात आपल्यासाठी कोणी अख्ख्या संघाचं जेवण हलवलं, याच्यापुढे ढाली-करंडक काहीच नव्हते. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, आज बोलते.

मैदानावर पळून दम येत नाही, डोंगरावर येतो, हे तुमचं मत. म्हणून जिल्ह्याच्या सामन्यांआधी तुम्ही आम्हाला चावंडवर नेलंत. दहावीचं वर्ष माझं. खांब मारण्यात, म्हणजे खांबाशी झेप घेऊन गडी टिपण्यात, तेव्हा माझा हात धरणारी तालुक्यात कोणी नव्हती. किल्ल्यावर पोरी रेंगाळल्या, टाक्याच्या पाण्यात खेळत बसल्या, आणि ऊन कलायला लागल्यावर तुमची एकदम गडबड सुरू झाली. जेवणाची भांडी खाली वाडीत होती. "चला, चला, दिवस आहे तोवर खाली!" एरवी त्या कातळातल्या पायऱ्या तुम्ही आम्हाला बसून उतरायला लावायचात, त्या दिवशी उभ्याने उतरवलंत. माझा पाय सटकला, गुडघा आत वळला, आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मीच ऐकला.

पिंपरी पेंढारचे कोंडीभाऊ, आमच्या संघातल्या शालनचे वडील, त्यांची जीप आम्हाला न्यायला आली होती. ते वर धावत आले. तुम्ही मला उचलायला बघत होता.

"सर, तुमी बाजूला व्हा. आमी घेतो. पोर लई कळवळतीय."

त्यांनी मला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. दवाखान्यात बाबूजी आले, माझा पाय पाहिला, आणि तुम्ही का घाई केलीत ते मी सांगितलं. ते तुमच्याकडे वळले.

"एक रात्र उपाशी राहिली असती तर मेली असती का ती? आम्ही आठ-आठ दिवस उपास करणारी माणसं आहोत, मास्तर! अंधारात खायचं नाही, एवढाच नियम. उजेडात खाल्लंच पाहिजे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"लेकराला उपाशी कसं निजवू, शेठजी?" तुम्ही एवढंच म्हणालात.

मी आजवर पुष्कळ विचार केला यावर. अशी चूक दुनियेत तुम्ही दोघंच करू शकत होता. आमच्या घरी उपाशी राहणं म्हणजे काही विशेष नाही, आणि तुमच्या घरी कोणी उपाशी निजणं म्हणजे यजमानाचं पाप. एकमेकांचा इतका मान राखत होता, पण एवढी साधी गोष्ट एकमेकांना विचारायची राहून गेली.

माझा खेळ संपला. पुण्याला दाखवून झालं, पाय चालता झाला, पण खांबाला झेपावणं गेलं ते गेलंच. त्या वर्षी संवत्सरी झाली तेव्हा मला वाटलं, तुम्ही येणार नाही. तुम्ही आलात. गादीवर बसलात, टोपी काढलीत आणि पहिलंच म्हणालात, "मनीषाचा गुडघा."

बाबूजी म्हणाले, "चहा सांगतो."

बाकी सगळं झालं. रागाने बोललेले शब्द, दवाखान्यातला आरडाओरडा, सगळ्यांची देवघेव झाली. त्या एका गोष्टीला उत्तर नाही. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मी बी.एड. केलं, लग्न होऊन मंचरला गेले, तिथल्या शाळेत शिकवू लागले, आणि दरवर्षी पर्युषणाला माहेरी येऊन हाच खेळ बघत राहिले. तुम्ही म्हणायचात, 'मनीषाचा गुडघा,' आणि बाबूजी चहा सांगायचे. मला वाटायचं, काय हे काळीज आहे माझ्या बापाचं! मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस, आणि एका मास्तराला दोन शब्द देत नाही. मी त्यांच्याशी भांडले, अबोला धरला. ते नुसते मोजपट्टी घेऊन तागे मोजत बसायचे.

आणि मी तुमच्याशीही भांडले, आठवतं ना? तुमचा हात नुकताच कापायला लागला होता, तुम्ही बशी दोन्ही हातांनी धरत होता. मी म्हटलं, "सर, गुडघा माझा. मोडला माझा, दुखतो माझा, थंडीत जिना चढताना कुरकुरतो तोही माझाच. आणि माफी तुम्ही मागता बाबूजींकडे! मला कोणी विचारलं?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुझी तर त्याच दिवशी मागितली मी. जीपमध्ये. तू हो म्हणालीस."

"मी कळवळत होते! तेव्हा तुम्ही काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. दुखण्यात दिलेली माफी धरत नाहीत."

"आमच्यात धरतात," तुम्ही म्हणालात. "आमच्यात तर तीच सगळ्यात मोठी. क्रुसावरून दिलेली."

शास्त्राधाराचा असा पत्ता टाकणं म्हणजे सरळसरळ चीटिंग होती, सर. मी तेव्हा हरले नाही आणि आजही हार मानलेली नाही. मला रीतसर, शुद्धीवर असताना विचारायला हवं होतंत. विचारलं असतंत तर मी तासभर भाव खाल्ला असता, आणि मग हो म्हणाले असते.

या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. कुठून येणार? उठून बसणंच होत नव्हतं. बाबूजींनी पारणं केलं, दुकानात जाऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात जोडून क्षमापना चालू होती, पण लक्ष सगळं रस्त्याकडे. दुपार उलटली तसे मला म्हणाले, "मनीषा, रिक्षा बोलाव. वारूळवाडीला जायचंय." त्यांचं वय पाहता मीही सोबत बसले.

तुम्ही ओट्यावर खाटेवर होता. रूथताईंनी पाठीशी उशा लावून बसवलं. बाबूजी समोर लोखंडी खुर्चीवर टेकले. तुमचा आवाज पार बसला होता, पण सवय कुठे सुटते?

"मनीषाचा..." तुम्ही सुरू केलंत.

"थांबा मास्तर," बाबूजी म्हणाले. "आज मी आधी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं, आणि तुम्ही ते कधी ओठांवर येऊ दिलं नाही.

"चावंडला निघालात त्या सकाळी मी तुम्हाला दुकानाच्या पायरीवर गाठलं होतं. म्हणालो होतो, माझ्या मुलीच्या तोंडात अंधारात घास गेला तर पुन्हा तिला तुमच्यासोबत धाडणार नाही. खेळ बंद करीन. त्या बोलण्याच्या धाकाने तुम्ही घाई केलीत. दवाखान्यात मी चारचौघांत तुमच्यावर ओरडलो, तेव्हाही मला हे आठवत होतं. तुम्ही दरवर्षी माफी मागत आलात. मी कशाची देऊ? चूक तुमची नव्हतीच. दिली असती तर खोटं झालं असतं, आणि माझी सांगायला मला तोंड नव्हतं."

एवढं बोलून त्यांना रडू आलं. मी बाबूजींना रडताना आजी गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नाव घेऊन सांगतोय मास्तर. मनीषाचा गुडघा. मिच्छामि दुक्कडम."

तुम्ही उशीवरून पुढे सरकायला बघितलंत. रूथताई पुढे झाल्या, त्यांना वाटलं तुम्हाला त्रास होतोय. मग तुम्ही ओठ जुळवत, एकेक शब्द करत म्हणालात, "शेठजी, त्या दिवशी पायरीवर... मी मनात तुम्हाला शिवी दिली होती. तीही धरा."

बाबूजींनी आधी मान हलवली आणि मग त्यांना जे हसू फुटलं! तुमचं अंग तर आधीच हलत होतं, त्यामुळे हसताय की कापताय तेच कळेना. मी ओट्याच्या कडेला बसून दोघांकडे बघत होते आणि माझे डोळे वाहत होते. राग आला होता मला, सर. दोन म्हातारे इतकी वर्षं एक वाक्य उराशी धरून बसले होते, आणि मी मध्ये बापाला दगड समजत होते! पण राग टिकेना. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या ओट्यावर कळलं.

ऊन कलत आलं होतं. ते पाहून रूथताई लगबगीने उठल्या. "शेठजींना अंधारात चालत नाही. पाच मिनिटांत शिरा टाकते."

"घाई करू नका वहिनी," बाबूजी म्हणाले. "राहिलं तर राहिलं. मला उपाशी झोप चांगली लागते."

आणि ते बसून राहिले. आदल्या दिवसाचा कडक उपास, त्यावर सकाळचं थोडंसं पारणं, एवढ्यावर ते दिवस मावळून गेला तरी तुमच्याजवळ बसले. रूथताईंनी दिवा लावला, तुमच्या नेहमीच्या वेळेला बायबलातला शास्त्रपाठ वाचला, बाबूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आम्ही निघताना तुम्ही तुमच्या लोकांच्या रीतीने 'सलाम' म्हणालात, ते मात्र अगदी स्पष्ट.

त्यानंतर पंधरवडाही गेला नाही. पहाटे झोपेतच गेलात. रूथताई म्हणाल्या, त्या रात्री हात फार कमी हलत होते. मला ते खरं वाटतं, कारण मला ते खरं वाटायला हवं आहे.

दफनभूमीत किती माणसं होती म्हणून सांगू! मढ गावाकडचे तुमचे वाटाडे आले होते, भीमाशंकराच्या रानात तुमच्यासोबत हिंडलेले आले होते. संघातल्या पोरी आपापल्या पोरांना घेऊन आल्या होत्या. कोंडीभाऊ शालनला घेऊन आले होते, शवपेटीशी उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "असा मानूस न्हाई व्हायचा, राव. डोंगरावरनं उतरताना समद्यात मागं ऱ्हायाचा, कुनी ऱ्हायलं का बघाया." चर्चच्या पाळकांनी प्रार्थना म्हटली. ती लांबली, आणि या वेळी कोणालाच वैताग आला नाही.

मूठमातीची वेळ आली. बाबूजींनी कधी कोणाच्या दफनाला पाऊल टाकलं नव्हतं. ते पुढे गेले, ढिगातली माती तळहातावर घेतली, आणि तसेच उभे राहिले. मागे रांग खोळंबली. बोटाने ते माती हळूहळू बाजूला सारत होते.

"शेठजी, टाका की," कोंडीभाऊ हलक्या आवाजात म्हणाले. "लोकं थांबल्यात."

"मुंगी आहे," बाबूजी म्हणाले.

पाळक थांबले. सगळे थांबले. बाबूजींनी खाली वाकून बोट गवताला लावलं, ती उतरेपर्यंत धरून ठेवलं, आणि मग तुमच्यावर माती टाकली. तुम्ही असता तर टोपी हातात धरून सगळ्यांच्या आधी थांबला असता.

माझी पाळी आली. माझा गुडघा कोंडीभाऊंना ठाऊक आहे, त्यांनी मूठभर माती उचलून माझ्यापुढे धरली. "ताई, तुमी वाकू नका. ही घ्या."

मी म्हटलं, "राहू द्या भाऊ, मी घेते."

वाकले मी, सर. सावकाश, तुम्ही शिकवल्यासारखं आधी चांगला पाय टेकून. दुखलं थोडं. माती गार होती. ती तुम्हाला दिली आणि उठायला लागले, तेव्हा बाबूजींनी मागून हात दिला.